चहात काहीतरी होतं

या अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "राऊतसाहेब, नोकरीच्या आठवणी लिहा, आणि तो आजाराचा भागही येऊ द्या. जरा प्रेरणादायी होईल." प्रेरणादायी हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. डोकं फिरतं असं मी म्हणू शकतो, मला परवानगी आहे. मी त्यांना सांगितलं, लिहीन, पण रागाने लिहीन, चालत असेल तर बघा. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

मी तारापूरच्या एमआयडीसीत औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला होतो. हेल्पर म्हणून लागलो आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. राहायला घिवलीला, घरची चिकूची आणि थोडी फुलांची वाडी, ती आई आणि बायको बघायच्या. तारापूरचा कारखाना म्हटलं की लोकांना नाल्यातलं रंगीत पाणी आठवतं आणि नाकाला रुमाल लावावा असा वास. ते खरं आहेच. पण आमचा विभाग आत होता, डोक्याला टोपी, पायात कापडी बूट, बोलायचंही हळू. तयार गोळी आमच्याकडे यायची. ती पट्टीत बंद करायची, पट्टीवर नाव, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायची ते छापायचं, मग खोका, मग खोक्यात माहितीचा कागद. झालं काम. लग्नाकार्यात कुणी विचारलं आणि मी हे सांगितलं की माणूस म्हणायचा, "अच्छा, म्हणजे डबे भरता." हो बाबा, डबे भरतो.

या डबे भरण्यातली खरी गोष्ट वेगळी आहे. एका लाइनवर सकाळी ब्लडप्रेशरची गोळी भरली आणि दुपारी मधुमेहाची भरायची असेल, तर मध्ये लाइन पूर्ण साफ करावी लागते. याला लाइन क्लिअरन्स म्हणतात. झाडून काढणं वेगळं आणि हे वेगळं. मशीनचे पत्रे उघडायचे, माल पुढे नेणाऱ्या पट्ट्याखाली बॅटरी मारून बघायचं, कोपऱ्यात हात घालायचा, कचऱ्याचा डबासुद्धा बाहेर. आधीच्या मालाची एक गोळी, एक पट्टी, एक कागद राहता कामा नये. सगळ्या गोळ्या पांढऱ्या आणि गोल. ब्लडप्रेशरची एक गोळी मधुमेहाच्या पट्टीत गेली, तर ती कुठल्या तरी गावातली म्हातारी विश्वासाने गिळणार आणि न्हाणीघरात चक्कर येऊन पडणार. तिला कळणारही नाही आपण काय खाल्लं.

नवीन आलेले ऑफिसर लोक म्हणायचे, "अहो राऊत, एकच तर गोळी सापडली, टाका ना बाहेर आणि चालू करा." मी म्हणायचो, साहेब, सापडली एक. न सापडलेल्या किती, ते तुम्ही सांगा, मग मी चालू करतो. यावरून मी खडूस म्हणून प्रसिद्ध होतो. मला त्याचा अभिमान होता, अजून आहे. नाव नसलेलं काही माणसाच्या पोटात जाऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम होतं आणि ते मी नीट केलं.

आता आजार. मी सुपरवायझर झालो होतो, लग्न झालं होतं, मुलगी लहान होती. पट्टी कापणाऱ्या मशीनचा एक ठोका असतो, दिवसभर तोच. त्या ठोक्यात मला माझं नाव ऐकू यायला लागलं. आधी नुसतं नाव. मग दोन माणसं माझ्याबद्दल बोलायची. एक म्हणायचा राऊतला काढा, दुसरा म्हणायचा काढायला कशाला पाहिजे, कँटीनमध्ये बंदोबस्त करू. तुम्हाला वाचून हसू येत असेल तर या, एक दिवस ऐका. भास हा शब्द फार हलका आहे. शेजारचा माणूस बोलतो तितकं स्पष्ट ऐकू येतं, आणि वळून बघावं तर तिथे कुणी नाही. मी कँटीनमध्ये जेवणं सोडलं. मग झोप गेली. मग कामावर जाणं सोडलं आणि वाडीतल्या विहिरीच्या काठावर बसून राहायला लागलो.

आईने भगताला बोलावलं. त्याने कोंबडा घेतला, धूर केला, माझ्या पाठीत वेताच्या काठीचे फटके मारले आणि पोटभर जेवून गेला. त्याचा मला जेवढा राग आहे त्याहून जास्त राग आहे तो बोईसरच्या डॉक्टरचा. भगत निदान समोरून मारत होता.

भगतानंतर मला त्या डॉक्टरकडे नेलं. त्याने आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया, आणि गोळ्या लिहून दिल्या. मी त्या घेतल्या नाहीत. आपल्याला मारायला टपलेत असं ज्याला वाटतं तो दुसऱ्याने दिलेली गोळी घेईल का? डॉक्टरने मला काही समजावलं नाही. मी खोलीत असताना तो माझ्या बायकोशी बोलायचा, "यांना झोप येते का? यांची शी साफ होते का?" मी नव्हतोच तिथे. मग त्याने माझ्या बायकोला, नयनाला, बाजूला घेऊन थेंबांची बाटली दिली. रंग नाही, चव नाही. चहात टाका, सांगू नका. नयनाने बाटलीवरचं लेबल पाण्यात भिजवून काढून टाकलं, मला दिसू नये म्हणून, आणि बाटली तांदळाच्या डब्यात ठेवली. रोज सकाळी गवती चहा घातलेला वाफाळता कप माझ्यापुढे यायचा.

थेंबांनी गुण दिला, हे आधी सांगतो. बोलणारे ते दोघे लांब गेले. मला झोप लागायला लागली. पण हात थरथरायला लागले, मान लाकडासारखी झाली, तोंडातून लाळ गळायची. शर्टाचं बटण लागेना. आणि मी काय करणार? जन्मभर जे केलं तेच केलं. तपास केला. सकाळचा चहा घेतला की थोड्या वेळात थरथर वाढते. बेटेगावला मेव्हण्याकडे राहायला गेलो तेव्हा दोन-तीन दिवसांत कमी झाली. घरी आलो, पुन्हा सुरू. मी आईला, नयनाला, मेव्हण्याला, सगळ्यांना सांगितलं, "चहात काहीतरी आहे."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. नयना डॉक्टरकडे गेली आणि म्हणाली, ते चहात काहीतरी आहे म्हणतात. डॉक्टर म्हणाला, संशय वाढलाय, थेंब वाढवा.

हे परत वाचा. मी खरं बोललो, म्हणून थेंब वाढले. थेंब वाढले, म्हणून थरथर वाढली. थरथर वाढली, म्हणून मी आणखी ओरडून सांगितलं. पुन्हा थेंब वाढले. माझ्या कारखान्यात असा प्रकार झाला असता तर दहा माणसं घरी गेली असती. इथे सगळे मान डोलावून म्हणत होते, बिचारा.

सुलभा मॅडम भेटल्या त्या यानंतर. कामावर परत घ्यायचं तर कंपनीला तब्येतीचा दाखला हवा होता, आणि बोईसरचा डॉक्टर तो देईना. म्हणून आम्ही पालघरला एका दवाखान्यात गेलो. तिथे औषध द्यायला एक वयस्क डॉक्टर होते आणि बोलायला या मॅडम, समुपदेशक. खोली एवढीशी, पंख्याचा खडखडाट, खिडकीबाहेर कुणाचं तरी धुणं. मॅडमचे केस विस्कटलेले, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. मी म्हटलं, ही काय मला बरं करणार.

त्यांनी पिशवीतून थर्मास काढला, दोन कपांत चहा ओतला, दोन्ही कप मधोमध ठेवले आणि म्हणाल्या, "तुम्हाला हवा तो उचला. राहिलेला मी घेईन." मी बराच वेळ दोन्ही कपांकडे बघत बसलो. त्यांनी घाई केली नाही. शेवटी मी एक उचलला. दुसरा त्या प्यायल्या.

मी सांगितलं, "घरी माझ्या चहात काहीतरी टाकतात." पुढचं वाक्य मला पाठ होतं. नाही हो राऊत, असं कुणी करेल का, आजारामुळे वाटतं तसं. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला कसं कळलं?"

कसं कळलं! इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. चहाची वेळ, थरथरीची वेळ, बेटेगाव. त्या मध्येच प्रश्न विचारत होत्या, सरळ, कामाचे. बेटेगावला जेवण कोण करतं? तिथे गवती चहा घालतात का? मी जिना उतरलो तेव्हा माझी पाठ किती दिवसांनी सरळ होती.

पुढच्या खेपेला त्यांनी नयनाला एकटीला आत घेतलं. आत काय झालं ते मला नयनाने नंतर सांगितलं. मॅडमनी विचारलं आणि तिने कबूल केलं. रडली. म्हणाली, "मॅडम, त्यांना सांगू नका, ते माझ्या हातचं पाणी पण पिणार नाय." मॅडम म्हणाल्या, "कदाचित नाही पिणार. पण त्यांचा आजार म्हणजे खरं काय आणि खोटं काय हे कळेनासं होणं. आणि आपण सगळे मिळून त्यांना जे खरं आहे ते खोटं म्हणून सांगतोय. मी या खोट्यावर त्यांच्याशी एक शब्द पुढे बोलणार नाही. तुम्ही सांगा, मी शेजारी बसते."

मला आत बोलावलं. नयना जमिनीकडे बघत म्हणाली, "चहात औषध मी टाकत होते. बाटलीचं लेबल काढून." आणि मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "राऊत, तुम्ही बरोबर होतात."

काय झालं असेल मला? लोकांना वाटतं मी रडलो असेन, मोकळा झालो असेन. छे! मी पेटलो. टेबलावर हात आपटला, कप खाली पडून फुटला. मी नयनाला म्हटलं, मी जन्मभर परक्या म्हातारीच्या पोटात चुकीची गोळी जाऊ नये म्हणून जीव काढला, आणि माझ्या घरात लेबल काढलेली बाटली! त्या डॉक्टरला म्हटलं, तो तिथे नसताना, ते इथे छापण्यासारखं नाही. बाहेरचा वॉर्डबॉय धावत आला. नयना घाबरून म्हणाली, "मॅडम, बघा, बिघडलं परत. सुई द्यायला सांगा."

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. वॉर्डबॉयला हाताने थांबवलं आणि नयनाला म्हणाल्या, "नाही ताई. हा आजार नाही. हा राग आहे, आणि तो त्यांचा हक्काचा आहे. चिडू दे त्यांना."

मी आणखी थोडा वेळ ओरडलो. मग घसा बसला. मग खाली वाकून कपाचे तुकडे गोळा केले. मॅडम कुणाला दयाळू वाटतील, कुणाला निष्ठुर. मला एवढंच माहीत आहे की आजारी पडल्यापासून मी रागावलो आणि समोरच्याने त्याला राग म्हटलं, असं तेव्हा पहिल्यांदा झालं.

त्यानंतर मी फुशारलो. मॅडमना म्हणालो, चहाचं खरं निघालं ना, मग कँटीनचंही खरं, त्या दोघांचंही खरं. त्या म्हणाल्या, "तुमच्या लाइनवर एक भलती गोळी सापडली तर काय करता?" म्हटलं, लाइन थांबवतो, सगळा माल तपासतो. "सगळा फेकून देता?" नाही, तपासतो. चांगला तो ठेवतो. "मग तपासू या," म्हणाल्या. "घाई नाही. एकेक उघडून बघू." आम्ही बघितलं. कितीतरी महिने, दर आठवड्याला. कँटीनमध्ये मी जेवत होतो तेव्हा माझे हात कधी थरथरले होते का? बोलणाऱ्या दोघांना, मला स्वतःला माहीत नाही अशी एखादी गोष्ट कधी माहीत होती का? त्यांनी मला एकदाही खोटं पाडलं नाही. मीच एकेक बाजूला काढलं. काही राहिलं, ते आजही आहे. दमलो की त्या दोघांतला दुसरा हळूच बोलतो. मी त्याला ओळखतो.

औषधही ठरलं. वयस्क डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली, मात्रा कमी. मी म्हटलं, घेईन, पण सीलबंद पट्टी माझ्या हातात द्यायची, नाव वाचीन, बॅच वाचीन, स्वतः फोडीन. डॉक्टर हसले. मॅडम हसल्या नाहीत. मी ती गोळी आजही घेतो, एकही चुकवली नाही. कुणी या लेखाचा अर्थ काढेल की औषध बंद करावं, तर त्याने माझ्या समोर येऊ नये.

कामावर परत गेलो. इथे तर मला लिहिताना अजून दात खायला होतं. आधी मला खोके घडी करायला बसवलं. का, तर हलकं काम. मशीनला हात लावायचा नाही. जेवणाच्या सुट्टीत मी बाकावर बसलो की बाकीचे जरा सरकायचे. आणि मी रागावलो की, मग कारण काहीही असो, दारात साचलेलं पाणी, उशिरा आलेली गाडी, समोरचा विचारायचा, "राऊत, गोळी घेतली का?" माणसाचा राग काढून घ्यायला एवढं वाक्य पुरतं. निरोगी माणसाने आरडाओरडा केला तर तो कडक. मी आवाज चढवला तर तो आजार.

मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही काय उत्तर देता?" म्हटलं, गप्प बसतो. "गप्प का? सांगायचं, घेतली आहे, आता मुद्द्यावर बोला."

हे वाक्य मी आरशापुढे म्हणून बघितलं. पुढे सुपरवायझरची जागा परत मिळाली, आणि दिवाळीच्या आधी माल पाठवायची धावपळ असताना वेळ आली. रामसजीवन नावाचा आमचा झाडूवाला होता, त्याला पट्ट्याखाली एक गोळी मिळाली. तळहातावर घेऊन आला. "राऊतसाब, ये गोली अपनी नहीं लगती." मी लाइन थांबवली. मॅनेजर खाली आला, गाडी उभी आहे, माल जायला हवा. मी म्हटलं, भरलेला सगळा माल उघडावा लागेल. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "राऊत, गोळी घेतली का?"

"घेतली आहे साहेब. आता मुद्द्यावर बोला."

तुम्हाला वाटेल मग तो वरमला. नाही. त्याने मला त्याच दिवशी गोदामात पाठवलं आणि दुसऱ्याकडून लाइन चालू करून घेतली. त्या खोक्यांत काय गेलं, मला माहीत नाही. कळायचा मार्गही नाही. निवृत्तीपर्यंत मी गोदामात होतो, हुद्दा तेवढा सुपरवायझरचा राहिला. मला जाताना शाल आणि नारळ दिला, तो त्याच मॅनेजरने.

आता घरचं सांगतो, कारण मॅडमनी जे उघडलं ते घरात मिटलं नव्हतं. नयनाने सांगितलं त्या दिवसापासून मी तिच्या हातचा चहा प्यायलो नाही. जेवण सगळ्यांबरोबर एका पातेल्यातलं घ्यायचो, पण चहा स्वतः करायचो. माझं पातेलं वेगळं, कप वेगळा, तो मीच धुवायचो. नयना काही बोलायची नाही. ती कशालाच काही बोलायची नाही. मी भाजी चिरायची सुरी घेतली तरी बघायची आणि गप्प. मी चुकलो तरी, "ऱ्हाऊ दे, तुमी म्हणता तसं." आई गेली तेव्हाही आम्ही दोघं एकमेकांशी जपून बोलत होतो. मॅडमची तोवर बदली झाली होती. जाताना म्हणाल्या होत्या, "राऊत, आजाराचं बरंचसं झालं. घरातलं तुमचं तुम्हाला करावं लागेल." मी तेव्हा त्यांच्यावरही चिडलो होतो.

निवृत्त झालो त्याच वर्षी मुलीला बघायला वाणगावचे लोक आले. माझ्या आजाराचं त्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं. नातेवाईक म्हणत होते लपवा. मी म्हटलं, या घरात आता काही लपवायचं नाही. मंडळी बसली. नयनाने चहाचा ट्रे आणला, सगळ्यांना दिला, एक कप माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "नको, मी माझा करतो," आणि उठून आत गेलो. पाव्हणे लवकर उठले. त्या स्थळाचं पुढे काय झालं तो वेगळा राग आहे.

दार लावलं आणि नयना फुटली.

"तुमी सगळ्या लोकांसमोर मला विष घालणारी ठरवलीत!" मुलगी बाहेर आली तर तिलाही म्हणाली, तू आत जा. "व्हय, टाकलं मी चहात! टाकलं! काय करणार होते? तुमी त्या विहिरीच्या काठावर जाऊन बसायचे, मी पोरीला काखेत घेऊन आंब्याआड उभी ऱ्हायची, उडी मारली तर धावायला. मला पोहायला येत नाय, माहीत हाय ना? डॉक्टरने बाटली हातात दिली, तुमच्या आईने शपथ घातली. मला कुणी इचारलं, तुला टाकायचं हाय का? तुमचा राग हक्काचा. त्या मॅडमने सांगितलं, मी ऐकलं. माझ्या रागाचं कोण सांगणार? मला इतकी वर्षं तुमच्यावर ओरडता येत नाय, ओरडले तर तुमचं बिघडंल म्हणून! मी काय दगड हाय?"

मी म्हटलं, "आवाज कमी कर, शेजारी ऐकतील."

"ऐकू देत!" ती म्हणाली. "आज मी गप्प बसणार नाय. तुमी चांगले बरे झालायत. बऱ्या माणसाशी बायका भांडतात!"

तिने मला खूप बोलून घेतलं. माझ्या आईला बोलली, मॅडमनाही सोडलं नाही. मी मध्ये दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा तिने मला गप्प केलं. मी पण ओरडलो. आम्ही दोघं ओरडत होतो आणि तिने एकदाही माझ्या डोळ्यांत बघून अंदाज घेतला नाही, हा बिघडतोय का म्हणून. ती नुसती भांडत होती.

शेवटी दमली. ट्रेमध्ये माझा तो कप तसाच होता, वर साय धरलेली. तिने तो उचलून माझ्यापुढे आपटला. थोडा सांडला.

"प्यायचा तर प्या, नायतर ओता मोरीत. मी परत इचारणार नाय."

मी प्यायलो. गार होता. साखर फार होती, मी तसं म्हणालोही.

"पाव्हण्यांसाठी केलाय तो," नयना म्हणाली, "तुमच्यासाठी नाय," आणि रिकामा कप माझ्या हातातून ओढून घेऊन धुवायला गेली.